माझ्या रक्ताचा सरासरी उतारा

१ ऑगस्ट

आजपासून रोजनिशी. कारण गंभीर आहे.

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. डाव्यात पिकत आलाय. ऑपरेशनसाठी बीडला गेलतो, तर त्यांनी डोळा सोडून आधी दंडातून रक्त काढलं. जेवणानंतरची शुगर तीनशे बारा! शुगर बघणाऱ्या डॉक्टर उज्ज्वलाबाई म्हणाल्या, एवढ्या साखरेवर डोळ्याला हात लावणार नाही. जखम चिघळते. तीन महिने पथ्य करा, मग बघू.

तीन महिन्यांनी कारखान्याचा बॉयलर पेटलेला असणार. एक तारखेला पहिली मोळी गव्हाणीत पडते आणि गाळप सुरू होतं. मी नेकनूर गटाचा चिटबॉय. शेतकऱ्यांच्या उसाची नोंद घ्यायची आणि नंबर लागला की तोडणीची चिठ्ठी फाडायची. निम्मं आयुष्य यात गेलं. आता साहेब म्हणतेत, मोहनराव, डोळे नीट करून या, न्हाईतर गट हनुमानला देतो. हनुमान शेजारच्या गटाचा चिटबॉय. त्याला जवारी आन् ऊस लांबून ओळखू येत न्हाई. पण डोळे चांगलेत म्हणे.

मोटारसायकलची चावी बायकोनं, विमलबाईनं, काढून घेतलीय. गेल्या महिन्यात मी आप्पाच्या कडब्याच्या गंजीत गाडी घातली म्हणून. गंज रस्त्यावर आलती. माझी चूक न्हाई.

बाईंनी विमलबाईचंही रक्त तपासलं. ती शुगरच्या काठावर निघाली. मी तिला धीर दिला की घाबरू नको, मी आहे.

२ ऑगस्ट, सकाळ

बाईंनी काल साखरेचं शास्त्र समजावलं. माझ्या लगेच ध्यानात आलं, कारण मी लाईनमधलाच माणूस.

आपण भात, पोळी, भाकरी खातो. पोटात गाळप होतं. त्यातून ग्लुकोज निघतं आणि रक्तात उतरतं. रक्त म्हणजे कारखान्याचा रस्ता. मग इन्शुलिन येतं, म्हणजे गेटवरचा वॉचमन. तो पेशींची दारं उघडतो आणि साखर आत कामाला जाते. उरलेली लिव्हरच्या गोडाऊनमध्ये. गोडाऊन भरलं की पोटावर चरबी. माझं एवढंच झालंय की वॉचमन शिट्ट्या मारतोय आणि दारं गंजलीत. ट्रॅक्टर सगळे रस्त्यावर उभे.

बाई म्हणाल्या, चाललं की हातापायाचे स्नायू वॉचमनची वाट न बघता साखर ओढून घेतात. आणि जेवताना आधी काकडी-टोमॅटो, मग वरण-भाजी, शेवटी भाकरी खा, म्हणजे साखर हळूहळू चढते. हे दुसरं काही पटलं न्हाई. पोटात गेल्यावर कोण रांग लावतंय?

निर्णय : साखर बंद. भात बंद. रोज संध्याकाळी फिरणं. हनुमानला गट मिळू द्यायचा न्हाई.

२ ऑगस्ट, रात्री

फिरायला सुरुवात. मी आणि विमलबाई, हायवेच्या कडेनं. चौसाळा स्टँडपर्यंत लई जोशात गेलो. तिथं त्रिंबकचं हॉटेल. त्यानं हाक मारली. माणूस हाक मारतो तर ओ द्यायची न्हाई का? विमलबाईला म्हणालो, तू हो पुढं, मी आलोच. ती गेली.

त्रिंबक म्हणाला, गुलाबजाम आत्ता काढलेत. मी म्हणालो, साखर बंद. तो म्हणाला, खव्याचे हायेत, दूधच की. विचार केला. दुधात कसली आलीय साखर! दोन खाल्ले. पाकातले काढून, पाक निथळवून. आणखी दोन कागदात बांधून शर्टाच्या खिशात ठेवले, अडीनडीला.

विमलबाई परत येताना भेटली. घामाघूम. तिला म्हणालो, पहिल्याच दिवशी एवढं चालू नये.

५ ऑगस्ट

एकादशी. उद्या उपाशीपोटीची शुगर तपासायची. बाई म्हणाल्यात, रात्रीपासून काही खायचं न्हाई. एकादशी आडवी आली हे बरंच झालं, आयताच उपास. सकाळी फक्त साबुदाणा. दुपारी भगर आणि शेंगदाण्याची आमटी. रात्री उकडलेली रताळी, दोन केळी. बाकी तोंडात काही घातलं न्हाई. विमलबाई म्हणाली, बाईनं खायचं न्हाई म्हणलंय. मी म्हणालो, फराळ म्हणजे खाणं न्हवं. उपासाला चालतं ते रक्ताला चालत न्हाई, असं कुठं असतंय?

६ ऑगस्ट

दोनशे पाच. उपाशीपोटी! बाईंनी विचारलं, रात्री काय खाल्लं? छातीवर हात ठेवून सांगितलं, काहीच न्हाई. विमलबाई खिडकीतून बाहेर बघत होती.

बाई म्हणाल्या, साबुदाणा-रताळं नाही ना? म्हणालो, ते तर उपासाचं. बाईंनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाल्या, साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, त्याची साखरच होते. आणि खरंच काही खाल्लं नाही तरी पहाटे लिव्हर गोडाऊनमधून थोडी साखर सोडतं.

आता ही मेख आहे. मालकाला न विचारता रात्री गोडाऊनमधून माल बाहेर! कारखान्यात असं झालं असतं तर चौकशी लागली असती. म्हणजे माझा दोष शून्य. मन हलकं झालं. परत येताना स्टँडवर एक भज्यांची प्लेट.

१२ ऑगस्ट

हनुमान घरी आलता. म्हणाला, दादा, तब्येत कशी हाय? या माणसाला माझ्या तब्येतीची काळजी कावून? मोबाईलवर उसाचं क्षेत्र मोजायचं नवीन ॲप दाखवलं त्यानं. मी मोबाईल हातात घेतला आणि स्क्रीनकडे बघून मान हलवली. काळं-पांढरं काहीतरी होतं. तो गेल्यावर विमलबाई म्हणाली, तुमी मोबाईल उलटा धरलता, कळलं का?

सकाळी शेतात एका शेतकऱ्याला राम राम घातला. दोनदा घातला. तो बोलेना. रागच आला. जवळ गेलो तर बुजगावणं.

बाईंनी दिलेली शुगरची गोळी वेळेवर चालू आहे. माझा हिशेब साधा : एक गोळी, एक गुलाबजाम. फिट्टमफाट.

२२ ऑगस्ट

पोळा. पुरणपोळी. या विषयावर मी घरात स्पष्ट भूमिका मांडली. वर्षभर राबणाऱ्या बैलाला आपण पोळी देतो. बैलाला शुगर होते का? न्हाई. कावून? तो राबतो. मीही वर्षभर राबलो. तीन खाल्ल्या. चौथी तुपासाठी खाल्ली, तूप ताटात उरलं होतं.

विमलबाईनं आधी ताटभर काकडी खाल्ली. मग वरण. मग अर्धी पोळी. सणासुदीला असं ताट बघवत न्हाई. सूनबाई वर्षाराणीही तिच्याच बाजूची. दोघींचं हल्ली काहीतरी शिजतंय. मी गेलो की गप्प बसतेत.

१ सप्टेंबर

महालक्ष्म्यांचं जेवण. सोळा भाज्या! बाईंनी भाज्या खा म्हणलंच होतं. आज मी डॉक्टरचं तंतोतंत ऐकलं. भाज्यांबरोबर जे आलं ते आलं.

पाऊस उघडेना. फिरणं बंद. विमलबाई छत्री घेऊन गेली. येडी.

१२ सप्टेंबर

पित्तरं चालू. गावात मला लई मान. आज सरस्वतीबाईच्या सासऱ्याच्या नावानं जेवायला बोलावलं. काल सटवाकडं. परवा आप्पाकडं. गंजीचा राग त्यानं सोडला, हे मोठं काम झालं. खीर, वडे, कढी. मेलेल्या माणसाच्या नावानं वाढलेलं ताट नाकारायची माझी हिंमत न्हाई. उद्या कावळा शिवला न्हाई तर लोक माझं नाव घेतील.

साखर थोडी चढली असेल. पण ती पितरांच्या खात्यावर.

१८ सप्टेंबर

आज स्टँडवर एक भयंकर प्रकार. त्रिंबककडं बसलो होतो. एक बाई, हिरवं लुगडं, स्कूटीवरून आली. हँडल इकडून तिकडं डुलत होतं. मागं एक पोरगी बसून ओरडत होती, ब्रेक, ब्रेक! थेट शेळ्यांच्या कळपात गेली. शेळ्या पांगल्या. मी त्रिंबकला म्हणालो, काय काळ आलाय! कुणाच्या घरची आहे ही? हिच्या नवऱ्याला लाज न्हाई? त्रिंबक बशी पुसत बसला.

चेहरा काही ओळखू आला न्हाई. घरी येऊन विमलबाईला सगळं सांगितलं. म्हणाली, असंल कुणीतरी. तिनं हिरवंच लुगडं नेसलं होतं, म्हणून तिला बजावलं की हा रंग सध्या बदनाम झालाय.

२८ सप्टेंबर

नवरात्र. उपास. साबुदाणा स्टार्च असतो हे आता कळलंय, म्हणून बंद. त्याऐवजी बटाट्याचा शिरा.

उजव्या डोळ्यानं आता फक्त उजेड कळतो. हे कुणाला सांगितलं न्हाई. काल ताटातली चटणी समजून मीठ खाल्लं. गप गिळलं. हनुमान नेकनूरला जाऊन शेतकऱ्यांना भेटून आला, असं ऐकलं. माझे शेतकरी! रात्रभर लिव्हरचा आणि हनुमानचा विचार करत पडलो.

७ ऑक्टोबर

काल कोजागिरी. आटीव दूध दोन ग्लास. पण आजची नोंद दुधाची न्हाई. आज मला मार्ग सापडला!

दुपारी पडल्या पडल्या विचार करत होतो. आमच्याकडं काही शेतकरी बिलंदर. तोडणीच्या तोंडावर उसाला पाणी देतेत. वजन वाढतं, पण उतारा पडतो. रसातली साखर पातळ होते. बास! ताडकन उठून बसलो. रक्त म्हणजे रसच की. तपासणीच्या आधी भरपूर पाणी प्यायचं. साखर पातळ. उतारा खाली.

दुसरं. ऊस बुडख्याला गोड, शेंड्याला फिक्का. म्हणजे साखर खाली बसते. तपासणीचं रक्त दंडातून घेण्यात चूक आहे. वरून, कानातून घ्यायला पाहिजे. निदान हात वर धरून तरी.

आयुष्यभर असल्या शेतकऱ्यांना मी पकडलं. म्हणायचो, बाबांनो, एक दिवस पाणी पाजून काय होतंय, हंगामाचा सरासरी उतारा कुणाला फसवत न्हाई. पण ते उसाचं झालं. माणसाचं शास्त्र वेगळं.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. संयम! फक्त दोन लाडू, तेही फुटलेले. फुटका लाडू मी अख्खा धरत न्हाई. करंज्यांची तर चवच बघितली, प्रत्येक घाण्याची. तपासणी सत्तावीसला. पंचवीसपासून कडक पथ्य. म्हणजे अजून वेळ आहे.

विमलबाईचं पोलकं सैल झालंय. वर्षाराणीनं आत घेऊन दिलं. मी म्हणालो, अशक्तपणा आलाय, खात जा. तर हसली. आताशा लई हसते.

२६ ऑक्टोबर

कालपासून काकडी, ताक, अर्धी भाकर. डोकं गरगरतंय. विमलबाईच्या कानातली फुलं करंजीसारखी दिसायला लागलीत. रात्री काहीही खाल्लं न्हाई. खरंच न्हाई. उपासाचंही न्हाई. शर्टाचा खिसा तपासला, त्यात गुलाबजामचा जुना कागद होता. वास घेतला आणि टाकून दिला. एवढा संयम मी लग्नातही ठेवला न्हवता.

२७ ऑक्टोबर

इतिहास घडला.

पहाटे दोन तांबे पाणी. बीडच्या बसमध्ये एक बाटली. दवाखान्यात पोचल्यावर तिथल्या फिल्टरचं, दिसेल तेवढं. रांगेत उभं राहवेना. पाच वेळा आत-बाहेर. नंबर आला तेव्हा मी आतच. विमलबाईनं दारावर थाप मारून बाहेर काढलं.

दोन्ही हात वर करून खुर्चीत बसलो. रक्त काढणारी सिस्टर म्हणाली, काका, दरोडा पडलाय का? तिला समजावलं की कानातून घे, शेंड्याचं फिक्कं असतं. तिनं हात धरून खाली ओढला आणि सुई घातली. दोन नळ्या भरल्या. दुसरी कशाला, विचारलं, तर म्हणाली, ती तीन महिन्यांची. उद्या कळंल. म्हणालो, घे बाई, माझ्या रक्ताला काय तोटा!

तासाभरात पहिला आकडा. एकशे अठ्ठावीस! विमलबाईलाही खरं वाटेना. मी तिथंच सिस्टरचा हात हातात घेतला. पाण्याचा प्रयोग यशस्वी. उसाचं आणि माणसाचं शास्त्र एकच.

स्टँडवर उतरल्या उतरल्या पेढ्यांचा पुडा. सगळ्या हॉटेलात वाटले. वाटणारानं खायचं न्हाई, असा नियम न्हाई. हनुमानला फोन लावला. म्हणालो, बेट्या, ॲप जपून ठेव, पुढच्या जन्मी लागंल. उरलेले पेढे कपाटात.

२८ ऑक्टोबर

लिहायला हात होत न्हाई.

तीन महिन्यांची नळी. मला वाटलं होतं जुन्या रेकॉर्डसाठी असेल. बाईंनी कागद पुढं केला. वाचता येईना, म्हणून त्यांनीच सांगितलं. दहा पूर्णांक चार. साडेसहाच्या वर गेलं की शुगरचा आजार धरतात. बाई म्हणाल्या, रक्तात साखर फिरत राहिली की ती तांबड्या पेशींना चिकटते. पेशी महिनोन्‌महिने जगतात. त्यामुळं काल काय खाल्लं ते नाही, तीन महिन्यांत काय खाल्लं ते यात दिसतं. दोन दिवस उपाशी राहून किंवा पाणी पिऊन हे बदलत नाही.

मी म्हणालो, म्हणजे हंगामाचा सरासरी उतारा.

बाई म्हणाल्या, अगदी बरोबर, तुम्हाला तर हे माहीतच असेल.

माहीत होतं. मीच सांगत फिरत होतो.

ऑपरेशन पुढं ढकललं. आणखी तीन महिने पथ्य, मग बघू.

मग विमलबाईचा कागद काढला, कालच तिचंही रक्त घेतलं होतं. काठावरची बाई, पार नॉर्मल. बाईंनी बाहेरच्या बाकावरच्या सगळ्या पेशंटांना बोलावलं आणि सांगितलं, बघा, जेवणात आधी भाजी, रोज चालणं, गोळी एकही न्हाई. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. शेजारच्या एकाला सांगितलं, मला वाटलं कुणाचा तरी वाढदिवस आहे.

१ नोव्हेंबर

मोळी पूजन. जाणं भाग होतं, गट हनुमानच्या हवाली करायचा होता. बसला गर्दी असेल म्हणालो. विमलबाई म्हणाली, चला की, मी सोडते. अंगणात वर्षाराणीची स्कूटी काढली. हिरवं लुगडं नेसलेली. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. शेळ्या कुणाच्या होत्या, हे विचारायची हिंमत झाली न्हाई.

मागं बसलो. सगळ्या चौसाळ्यानं बघितलं. मी कुणाला बघितलं न्हाई, दिसतच न्हाई, तेवढं एक बरं.

गव्हाणीत मोळी पडली. भोंगा वाजला. हनुमान पाया पडला, म्हणाला, दादा, शेतकरी तुमचेच, डोळे झाले की परत घ्या. मला वाटलं होतं दात काढंल. त्यानं काढायला पाहिजे होते. बरं वाटलं असतं.

परत येताना विमलबाईला विचारलं, तुला कधी कळलं? म्हणाली, पहिल्याच आठवड्यात. शर्टाच्या खिशाला मुंग्या कावून लागत्यात, हे धुणं धुणाऱ्या बाईला कळत न्हाई व्हय?

मग तेव्हाच बोलली कावून न्हाई, म्हणालो. तिनं गाडी हळू केली. म्हणाली, बोलून तुमी कधी ऐकलंय? म्हणलं, ह्यांचे डोळे गेले तर घरात एक माणूस तरी धडधाकट पाहिजे, ह्यांना इकडं तिकडं न्यायला. म्हणून चालत होते. म्हणून गाडी शिकले.

डोळ्यात पाणी आलं. मोतीबिंदूचं असेल. न्हाई, मोतीबिंदूचं न्हवतं.

१ नोव्हेंबर, रात्री

संध्याकाळी फिरायला गेलो. तिच्या पदराला धरून, अंधारात खड्डे दिसत न्हाईत. स्टँडवर त्रिंबक ओरडला, मोहनराव, नेहमीचं लावू का? दोघांनीही ऐकलं न्हाई. पुढं पीर साहेबाच्या दर्ग्यापर्यंत जाऊन वळलो. विमलबाई रोज तिथंच वळायची म्हणे. फिरायचा रस्ता कुठं संपतो, हे मला आज कळलं.

निर्णय : उद्यापासून सगळं खरं. साखर बंद, त्रिंबक बंद. आधी काकडी.

फक्त कपाटात पेढे उरलेत. अन्न टाकू नये. शेवटचा एक खाऊन विषय मिटवावा म्हणून आवाज न करता उठलो, चाचपडत पुडा काढला, एक तोंडात टाकला.

फुटाणे होते.

आतल्या खोलीतून विमलबाई म्हणाली, नीट चावून खावा.